बागेचं तू पाहजो

आश्विन वद्य पंचमी, शके १७८६

चिरंजीव खुशालराव भाऊजी यांस जमुनाचा आशीर्वाद. सुभद्रेला आणि पोरांना सुखी ठेवा, स्वतः सुखी राहा.

तुमचा सांगावा पोचला. यंदा द्राक्षांची छाटणी करू नका, आखाजीनंतर बाग मोडायची आहे, मृगात तिथे कापूस पेरायचा आहे. सांगणारा गाडीवाला बैल न सोडता एवढं बोलला आणि मोर्शीच्या वाटेला लागला. एवढी मोठी गोष्ट तुम्ही भाड्याच्या माणसाच्या तोंडी दिलीत, म्हणून मी लिहून उत्तर देते. मला मोडी येत नाही. पोथीवर बोट फिरवत मी माझी मीच शिकले, ती ही बालबोध अक्षरं. तुमच्या अकोल्याच्या दुकानात येणारा-जाणारा कोणीही ती वाचू शकेल. वाचू द्या. यात मला लाज वाटेल असं काही नाही.

छाटणी झाली आहे. सांगावा आधी आला असता तरी केली असती. पाऊस सरला आणि ऊन कडक झालं की वेलाची काडी कापायची, तेव्हा तिच्यावर घोस धरतो. ते दिवस गेले तर वर्ष गेलं. तुम्ही बागेत होळीच्या सुमारास येता, फळ तयार असताना. त्यामुळे या आधीचं तुम्ही पाहिलेलं नाही. पाण्याची मोट किती महिने चालते, पांगाऱ्याच्या खुंटावर वेल चढवताना काट्यांनी हात कसे फाटतात, हे तुमच्या दादांना आणि मला माहीत. गड्यांना माहीत. आता दादा नाहीत, म्हणजे मला माहीत.

तुम्ही म्हणता, दादांनी अखेरच्या वेळी सांगितलं, "खुशाल, बागेचं तू पाहजो." गेल्या फाल्गुनात तुम्ही दारात उभे राहून हे सांगितलंत तेव्हा सगळं गाव जमलं होतं. मीही ऐकलं. तुमचा कापूस खामगावच्या बाजारात पोचवायला ते तुमच्याबरोबर निघाले आणि बाळापूरच्या अलीकडे त्यांना पटकी झाली. धर्मशाळेच्या ओसरीवर तुम्ही त्यांचं डोकं मांडीवर घेतलंत, तुमच्या हातचं पाणी त्यांच्या तोंडात गेलं आणि हे शब्द बोलून त्यांनी डोळे मिटले. मला त्यांचं तोंड दिसलं नाही. पण सख्ख्या भावाच्या मांडीवर गेले, रस्त्यावर बेवारस गेले नाहीत, एवढ्यावर मी उभी आहे. हा तुमचा उपकार मी विसरलेले नाही. विसरले असते तर हे पत्र असं मऊ लिहिलं नसतं.

पण भाऊजी, "बागेचं पाहजो" याचा अर्थ बाग पाहा असा होतो. तुमच्याकडे कोणी म्हातारी आई ठेवून गेला आणि "हिचं पाहजो" म्हणाला, तर तुम्ही तिला खड्डा खणाल का?

सूर्यभान पाटील तुमच्याच बाजूचे आहेत. म्हणतात, "मरत्या मानसाचा सबद हाये बाई, आमी का करावं?" त्यांचंही खरं. जमीन दोघा भावांची, मागे राहिला भाऊ, आणि मरताना शब्दही त्यालाच मिळाला. मला काय मिळालं? म्हणून मी त्या शब्दालाच धरून बसते. बाग पाहा. या आणि पाहा. कुदळ घरी ठेवून या.

जमुना


मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

खुशालराव भाऊजी यांस आशीर्वाद.

तुमच्या सासरच्या गोदाबाई येऊन गेल्या. दोन दिवस राहिल्या, माझ्या हातची भाकर गोड लागली, आणि तिसऱ्या दिवशी निघताना पोटातलं ओठांवर आलं. बोलणं जसं झालं तसं लिहिते, म्हणजे त्यांनी तुम्हाला दुसरंच काही सांगितलं तर ताडून पाहता येईल.

म्हणाल्या, "जमुने, तरणी हायेस बाई. आपल्यात पाटाची का लाज हाये?"

मी म्हटलं, "लाज नाई मावशी. गरज नाई."

"शेंदूरजन्याचे उत्तमराव हायेत. बायको वारली बिचाऱ्याची. काळं वावर हाये, बारमाही विहीर हाये, दोन म्हशी हायेत."

"म्हशी दूध देतेत का?"

"देतेत ना! धार काढता काढता हात दुखतेत."

"मंग त्याले बायको कायले पायजे? गडी ठेव म्हना."

त्या हसल्या. हसता हसता बोलून गेल्या, "तशी नको करू वं. तुहं एकदाचं सोयरं झालं का खुशालच्या डोक्शाचा घोर मिटला. बागेचा बी मिटला."

मग मी हसायची थांबले.

पाटाला मी नावं ठेवत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीने पाट लावला आणि ती सुखात आहे. पण पाट लावून गेलेली बाई पहिल्या घरची काडीसुद्धा नेत नाही, हा आपल्यातला रिवाज तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. दादांच्या घरातून मी उठले की बागेत आडवं यायला कोणी उरत नाही. भाऊजी, तुम्ही माझं लग्न लावून द्यायला निघाला नव्हता. तुम्ही वावर साफ करायला निघाला होता.

तुम्ही नाकाला शेंबूड घेऊन फिरत होता तेव्हा मी या घरात आले. तेव्हा मी तुम्हाला अरे-तुरे करत असे. तुमचं लग्न झालं, बाजारात नाव झालं, तेव्हा तुमचे दादाच म्हणाले, "आता त्याले अहो म्हनत जा, मोठा झाला तो." तेव्हापासून म्हणते. मोठे झालात हे त्यांचं मत होतं.

अकोल्याकडे कापसाच्या भावाने माणसं कशी झाली आहेत ते येथपर्यंत ऐकू येतं. कोणी म्हणे बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. विलायतेच्याही पलीकडे अमेरिकेत दोन मुलखांची लढाई पेटली आणि तिकडचा कापूस बंद पडला, म्हणून आमच्या काळ्या मातीवर सोनं पिकतं, असं गावात पंचांग वाचणारे शास्त्रीबोवा सांगत होते. दुसऱ्यांच्या घरात मढी पडतात तोवर चालणारा हा धंदा आहे. चालवा. तुमच्या वाटच्या सगळ्या वावरात कापूस आहे, दादांच्या वाटच्या वावरातही यंदा तुम्हीच पेरलात, मी बोलले नाही. विहिरीजवळचा हा एवढा तुकडा तुमच्या डोळ्यात का सलतो?

उत्तमरावांना माझा नमस्कार सांगा आणि म्हशींची काळजी घ्यायला सांगा.

जमुना


फाल्गुन वद्य तृतीया

खुशालराव यांस.

होळी झाली. तुम्ही यंदा फळ खायला आला नाहीत. त्याऐवजी दारूच्या मक्तेदाराचा माणूस पाठवलात.

घोस चांगले धरले होते. पांगारे लाल फुलले आहेत, त्यांच्या खाली हिरवे घोस, आणि पाखरांनी दिवसभर कालवा मांडलेला. पहिला तोडा अमरावतीला गेला. जे घोस गाडीत टिकले नसते त्यांचं आसव घातलं, दर वर्षी घालतो तसं. मणी हाताने कुस्करायचे, बी फुटू द्यायचं नाही, नाहीतर कडू होतं. रसात गूळ आणि धायटीची फुलं. रांजणाला आतून तूप चोळायचं, धुरी द्यायची, रस भरून तोंडाला कापड आणि माती लिंपायची आणि रांजण ज्वारीच्या कणगीत गळ्यापर्यंत पुरून ठेवायचा. एलिचपूरच्या छावणीतल्या डॉक्टरसाहेबाला फुलं नको असतात, त्याच्यासाठी नुसता रस मुरवलेला एक रांजण वेगळा. बाकीचं अमरावतीचे उद्धवशास्त्री वैद्य नेतात. बाळंतिणींना देतात, म्हाताऱ्यांना देतात. तुमच्या सुभद्रेला थोरल्याच्या वेळी या आसवानेच उभं केलं, हे तिला विचारा.

रांजण भरल्यावर तुमचे दादा कान लावून बसत. आतला रस उकळ्या फुटल्यासारखा बोलतो. "काय म्हनते?" मी विचारायची. "म्हनते, अजून झोप लागून नाई राह्यली," असं ते सांगायचे. बोलणं थांबलं की आसव तयार. यंदा मी एकटीच कान लावते. मला ते नुसतं बुडबुड ऐकू येतं.

तर त्या कणगीजवळ तो माणूस उभा राहिला. बरोबर सूर्यभान पाटील, मान खाली घालून. माणूस म्हणाला, "भट्टी कुठं हाय?"

मी म्हटलं, "चूल हाये. भाकर होते तिच्यावर."

"अकोल्याहून खबर हाय. बाई दारू गाळून राहिली म्हणून."

"कोण म्हनलं गाळते?"

तो पाटलांकडे पाहू लागला. पाटील म्हणाले, "आता जाऊ दे ना जमुनाबाई, कोनी का म्हनलं असंन."

"जाऊ कावून दिऊ? पाटीलबोवा, तुमच्या घरच्या सुनेनं दोन म्हैने घेतलं ना हे? गाळलेलं होतं का ते? गाळाले विस्तव लागते, नळी लागते, वरून थंडं पानी लागते. दाखवा मले नळी. हे मुरलेलं हाये. लोनचं मुरते तसं. लोनच्याची बी भट्टी शोधता का तुमी?"

लोक हसले. त्या माणसाला हसणं सोसलं नाही. त्याने कणगीतली ज्वारी पायाने सारली आणि डॉक्टरसाहेबाचा रांजण कलता करून अंगणात ओतला. वास घेतला, बोट बुडवून चाटलं, आणि म्हणाला, "दारू नाही ही." ओतून झाल्यावर म्हणाला. मग गेले.

अंगण अजून आंबूस वास मारतं, मुंग्यांची रांग लागली आहे. सारवलं तरी जात नाही.

"गाळते" हा शब्द तुमचा. मुरवणं आणि गाळणं यातला फरक या घरात वाढलेल्या माणसाला माहीत नाही, असं मी मानत नाही. विधवा बाई घरात दारू गाळते, एवढं गावभर झालं की तिच्या बाजूने कोण बोलेल, हा हिशेब तुम्ही केलात. गाव हसलं ते त्या माणसाला, मला नाही. पण दोन घरांनी सुनांना माझ्याकडे पाठवणं बंद केलं आहे. तेवढं तुमचं काम झालं.

तरीही मी गप्प बसते आहे. का ते तुम्हाला माहीत आहे. त्या मांडीची लाज धरून बसते आहे.

जमुना


चैत्र वद्य नवमी, शके १७८७

खुशाल,

नव्या संवत्सराचं नाव क्रोधन आहे. पंचांग वाचताना शास्त्रीबोवा माझ्याकडे पाहून हसले होते. त्यांना काय माहीत.

आजपासून तुला अहो म्हणायचं बंद. का, ते खाली आहे. आधी बागेचं सांगते.

पाडव्यानंतर तुझी माणसं आली. कुऱ्हाडी, कोयते, दोर, दोन जोड्या बैल. मुकादमाने पाटलाला सांगितलं, मालकाचा हुकूम आहे, मेल्या माणसाचा शब्द आहे. पाटील आपल्या ओट्यावरून उठला नाही. मी आडवी गेले तर मुकादम म्हणाला, "बाई, आमी मजूर. बाजूले व्हा, लागंन." त्याने हुकूम वाचून दाखवावा तसा सांगितला: आत्ता सगळे वेल हातभर ठेवून तोडा, फांद्यांचा कचरा जाळा, बुडखे वाळू द्या, वाळले की आखाजीनंतर बैल लावून उपटून काढू.

दिवस मावळेपर्यंत त्यांनी सगळी बाग तोडली. एकही वेल सोडला नाही. मी बांधावर बसून होते. पहिल्या घावाला डोळे मिटले. मग उघडले. मग पाहतच राहिले, आणि नंतर मला हसू यायला लागलं. मुकादमाला वाटलं बाई वेडी झाली.

खुशाल, तू पऱ्हाटीचा, कापसाच्या झाडाचा माणूस. पऱ्हाटी हातभर कापली की मेली, सरपणाला आली. तुझ्या डोक्यात झाड म्हणजे तेवढंच. द्राक्षाचा वेल चैत्रात असाच कापायचा असतो. फळ उतरलं की जुनं सगळं लाकूड उतरवायचं, बुडखा ठेवायचा, तेव्हा त्यातून पुढच्या सालाची काडी निघते. याला आम्ही खरड म्हणतो. कापसाच्या भावामुळे यंदा मला मजूर मिळत नव्हता. या कामाला कोण येईल याची मी काळजी करत होते. तू पाठवलेस. मुकादमाचा हात चांगला आहे, घाव स्वच्छ आहेत. आज बुडख्याबुडख्यावर लाल कोंब आहेत. मोट चालू आहे.

हसले मी हे खरं आहे. पण ते हसणं टिकलं नाही.

माणसं कुऱ्हाडी बांधत होती तेव्हा नत्थुजी बैल घेऊन आला. दादांचा गाडीवान नत्थुजी, त्या फेरीत बरोबर होता तो. आता माझी मोट हाकतो. वर्षभर त्याच्या तोंडून त्या फेरीविषयी मी चकार शब्द ऐकला नव्हता. मला वाटायचं, मालकाच्या दुःखाने बोलत नाही. त्याने ती उघडी बाग पाहिली आणि मुकादमाला म्हणाला, "झालं? अर्धं करून चालले? तुमच्या मालकाची रीतच हाये ते. सख्ख्या भावाले बी असाच अर्ध्यात टाकून गेला होता तो."

मी म्हटलं, "का म्हनलं, नत्थुजी?"

तो वळून बैलांचे कासरे सोडवू लागला.

"नत्थुजी, मी का विचारून राहिली?"

मग त्याने बैलांच्या मानेवर हात ठेवला आणि बैलांकडे पाहत सगळं सांगितलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी दादांना उलट्या सुरू झाल्या. धर्मशाळेच्या ओसरीवर तुम्ही दोघांनी त्यांना निजवलं. खामगावकडून येणारा कोणी म्हणाला, आज भाव चढा आहे, उद्याचं सांगता येत नाही. तू नत्थुजीला म्हणालास, "तू बस याच्यापाशी. मी गाड्या घेऊन पुढं होतो, माल टाकतो आन् येतो." आणि गेलास. दादांची एक गाडी आणि तिची बैलजोडी तेवढी मागे राहिली. तू परत आलास तेव्हा राखेवर पाणी शिंपडून झालं होतं. नत्थुजीने आणि धर्मशाळेच्या गुरवाने मिळून अग्नी दिला होता. डोकं नत्थुजीच्या मांडीवर होतं. पाणी नत्थुजीने पाजलं. तू त्याला म्हणालास, "वयनीले हे सांगू नको, तिच्या जिवाले लागंन." त्या भोळ्या माणसाला वाटलं तुला माझी दया आली. म्हणून तो वर्षभर तोंड मिटून माझी मोट हाकत राहिला.

मी विचारलं, "काई बोलले का ते?"

म्हणाला, "बोलले."

"का बोलले?"

"म्हनले, नत्थू, बैलांले पानी दाखवलं का?"

"आन्?"

"आन् काई नाई, बाई. मी हो म्हनलो. मंग गेले."

बागेचं नाही. तुझं नाही. माझंही नाही. तहानेने स्वतः वाळून चालले होते आणि बैलांचं विचारलं. हे ऐकल्याबरोबर मला कळलं की हे खरं आहे, कारण हे त्यांच्यासारखं आहे. "बागेचं तू पाहजो" हे त्यांच्यासारखं कधीच नव्हतं. ते तुझ्यासारखं होतं. मी त्याचा अर्थ लावत बसले, पाहणं म्हणजे काय आणि खणणं म्हणजे काय, मला दिलेल्या खोट्या नाण्यावर मी वर्षभर वाद घातला.

खुशाल, तू गाड्या घेऊन गेलास त्याचा मला राग आहे. पण तो राग मी गिळला असता. भावाच्या भरात माणसं काय काय सोडून गेली, तूही गेलास. पटकीला भिऊन गेला असशील तर तेही समजते मला. पण तू परत येऊन माझ्या दारात उभा राहिलास, डोळे पुसलेस आणि त्यांच्या मेल्या तोंडात तुझे शब्द घातलेस. तुला लागणारी जमीन त्यांच्याकडून मागून घेतलीस, ते नाही म्हणू शकत नव्हते तेव्हा. याला कुठला भाव चढा होता?

आता ऐक. गेल्या आखाजीला वर्ष झालं नव्हतं, म्हणून त्यांच्या नावाची घागर भरली नाही. यंदा पहिली. घरचा पुरुष तू. ये. नवी घागर भर, पितराला पाणी दे, आणि पाटील, चार पंच, शेजारीपाजारी बसलेले असताना तोंडाने सांग की पाणी मी पाजलं नाही, नत्थुजीने पाजलं, आणि दादा बागेविषयी काहीही बोलले नव्हते. एवढी दोन वाक्यं. मग कुदळ घे. बाग खण, कापूस लाव. मी आडवी येणार नाही, हे मी त्यांची शपथ घेऊन लिहिते. जमिनीत तुझा हक्क आहे. तो हक्क म्हणून माग, मेल्याचा शब्द म्हणून मागू नको.

आला नाहीस तर घागर दुसऱ्या हाताने भरेल. गाव विचारेल, कावून? आणि गावाला उत्तर द्यायला मी आहे.

जमुना


वैशाख शुद्ध तृतीया, आखाजी

खुशाल,

काल गोदाबाई आल्या. या वेळी भाकर खायला थांबल्या नाहीत. तुझा निरोप दारातच दिला. "खुशाल म्हने, बाग वयनीले ठेवाले सांगा, मी हात नाई लावत. झालं गेलं ते चार भिंतीत ठेवा म्हना."

मी विचारलं, "उद्या येऊन राहिला का तो?"

"येत नाई वं. बाग तं भेटली ना तुले? आता का पायजे?"

 त्या चांगल्या बाई आहेत. ज्याच्या घरी जेवतात त्याचं बोलतात.

आज सकाळी कुंभाराची नवी घागर आणली. पुरणाचं केलं, आंब्याचा रस केला. अंगणात पाट मांडला. नत्थुजीला म्हटलं, बस. तो मागे मागे सरकला. "मी कोन, बाई? मी गाडीवान. घरच्याचं काम हाये हे."

"घरचा येत नाई. पानी तुवा दिलं होतं, आता बी तूच दे."

तो पाटावर बसला, तेव्हा सूर्यभान पाटील उठले. "थांब, थांब. सख्खा भाऊ जिता हाये भगवंतरावाचा. गाडीवानाच्या हातानं घागर? हे का रीत हाये?"

मी सांगितलं. जसं मागच्या पत्रात लिहिलं आहे तसंच, कमी नाही, जास्त नाही. सांगताना आवाज चढला नाही माझा, रडूही आलं नाही. मी रडले असते तर लोकांना सोपं गेलं असतं.  मग पाटलाने विचारलं, "नत्थू, खरं हाये का रे हे?" नत्थुजीने होकाराची मान डोलावली.  पाटील खाली बसले. बसताना म्हणाले, "मंग भर बापा, तूच भर." पुढे आपल्याशीच म्हणाले, "आन् मी ओट्यावर बसून पायत होतो."

मुकादमही जेवायला होता. कोणी बोलावलं नव्हतं, आला. जाताना मला म्हणाला, आता या बागेत अकोल्याच्या हुकमाने कुदळ लावायला या पट्ट्यातला कोणी येणार नाही. त्याने चांगल्या मनाने सांगितलं. सगळेच चांगल्या मनाने बोलत होते. बाया म्हणत होत्या, जमुनाबाई, बाग वाचली तुही.

वाचली. कोंब वीतभर झाले आहेत. पण तू हे समजून घे. बाग तू मला दिली नाहीस आणि मीही जिंकले नाही. तुला दोन वाक्यं बोलायची नव्हती म्हणून ती राहिली. आला असतास, पाटावर बसला असतास, बोलला असतास, तर उद्या सकाळी मी स्वतः तुला कुदळ काढून दिली असती, आणि तू खणत असताना तुला भाकर घेऊन आले असते. एवढ्या वर्षांची बाग मी त्या दोन वाक्यांवर टाकली होती. तुला ती महाग वाटली.

वर्षभर मी रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळे मिटायची आणि तुझी मांडी आठवायची. पाहिली नव्हती, तरी आठवायची. तिच्यावर त्यांचं डोकं नीट ठेवायची, मग मला झोप लागायची. आता मी त्यांना त्या धर्मशाळेच्या ओसरीवर ठेवते. नत्थुजी जवळ असतो, बैल असतात. गाड्या दूर गेलेल्या असतात. ऐकायचं म्हटलं तर चाकांचा आवाजही येत नाही.

सुभद्रेसाठी आसवाचं मडकं पाठवते आहे. ती विचारील तर तिला खरं सांग. तिच्यापासून सुरुवात कर.

जमुना